घरात मांजर : नाही

सोमवार, ४ मार्च

रोजनिशी सुरू. कुणी वाचावी म्हणून नाही. पण मोठी कामं कशी घडत गेली हे मागाहून कुणालाच आठवत नाही. माझ्या बाबतीत तसं होऊ नये.

जूनमध्ये बालरोगतज्ज्ञांचं अधिवेशन आहे. मी दरवर्षी जातो. जेवणाच्या रांगेत मला सगळे ओळखतात. व्यासपीठावर चढायचा योग अजून आलेला नाही. आमच्या बॅचचा टकल्या दरवर्षी चढतो. कॉलेजात माझ्या नोट्सवर पास झालेला माणूस. असो.

यंदाचा विषय: ओळखीच्या आजारांची अनोळखी रूपं. दुपारी ओपीडी संपल्यावर पुस्तकं काढून बसलो आणि आजार सापडला. मांजर ओरबाडल्याने होणारा. साधं रूप सगळ्यांना पाठ आहे: मांजराच्या, विशेषतः पिल्लाच्या नखातून जंतू आत जातात, ओरखड्याजवळ गाठ येते, आपोआप बरी होते. पण काही मुलांत हा आजार वेश बदलून येतो. लाल डोळा आणि कानापुढे गाठ. किंवा कंबरदुखी. किंवा फिट. किंवा नुसताच ताप, जात नाही असा.

नुसता ताप बाद केला. तापाचा फोटो येत नाही. स्लाइडवर काय दाखवणार, थर्मामीटर? लाल डोळा उत्तम. पडद्यावर भरून दिसतो.

निश्चय: ॲबस्ट्रॅक्टची (निबंधाच्या गोषवाऱ्याची) मुदत तीस एप्रिल. त्याआधी एक तरी लाल डोळा.

मंगळवार, ५ मार्च

रबरी शिक्का करायला टाकला. ‘घरात मांजर: हो / नाही.’ ओपीडीतल्या प्रत्येक केस पेपरवर मारायचा आणि टिक करायची. मोठ्या सिस्टरनी विचारलं, गोवराच्या लशीला आलेल्या बाळालाही का? मी म्हटलं, शास्त्रात अपवाद नसतो.

असिस्टंटचा क्लास घेतला. मुलगी हुशार आहे, पण ओपीडी संपवायची घाई फार. आमच्या केस पेपरवर अगदी वर एक ओळ असते: माहिती देणारा कोण, आणि त्याचा भरवसा किती. आम्हाला शिकताना ही ओळ मारून मुटकून भरायला लावलेली. हल्लीचे लोक कोरी सोडतात. तिला तंबी दिली. शिवाय माझा स्वतःचा नियम सांगितला: मूल बोलण्याजोगं असेल तर आईबापांना बाहेर काढायचं आणि मुलाला विचारायचं. आईबाप मुलाचं दुखणं सांगत नाहीत, स्वतःचं मत सांगतात. तिने लिहून घेतलं. बरं वाटलं.

जेवताना घरी विषय काढला. मांजर म्हणताच ठकूचा चमचा हवेत थांबला. नानांना ठसका लागला. घरच्यांना माझ्या कामात एवढा रस आहे हे आज कळलं. (ठकू म्हणजे माझी मुलगी, वय नऊ. नाना माझे वडील.) नानांनी तर प्रश्नही विचारला, मांजरामुळे नुसता ताप येऊ शकतो का रे? मी म्हटलं, येतो, पण तो आपल्या कामाचा नाही. नाना बरं म्हणाले आणि पाणी प्यायले.

जानेवारीत ठकूने मांजराचं पिल्लू मागितलं होतं. तेव्हा मी तिला मांजरापासून होणारे सगळे आजार नीट क्रमाने सांगितले होते. पुन्हा तिने विषय काढला नाही. मुलांना कारण समजावून दिलं की हट्ट करत नाहीत. हिला, म्हणजे बायकोला, हे कधी पटत नाही.

शनिवार, ९ मार्च

शिक्का जोरात चालू. एका बाईंना विचारलं घरात मांजर आहे का, तर म्हणाल्या, नाही, फक्त नवरा आहे. हसलो नाही. ‘नाही’वर टिक केली.

मानेत गाठ असलेला एक मुलगा आला. मांजर: हो! फोटो काढले, समोरून, बाजूने, हनुवटी वर करून. रक्त तपासायला पाठवलं. मग असिस्टंटने त्याला आ करायला सांगितलं. मागची दाढ पूर्ण किडलेली होती. दाताच्या डॉक्टरांकडे धाडलं.

फोटो जपून ठेवलेत. दातही मांजरामुळे किडत नसेलच असं नाही.

बुधवार, १३ मार्च

लाल डोळा आला. आठवड्यात आला! पण डोळ्यात साबण गेला होता. तासाभरात पांढरा झाला.

दुपारी कंबरदुखीचा मुलगा. मांजर: हो. विचारलं, मांजराने ओरबाडलं का? तो म्हणाला, मांजर पकडायला भिंतीवर चढलो आणि पडलो. आजाराचा मांजराशी संबंध आहेच. फक्त जंतूमार्फत नाही.

ओपीडीबाहेर मला आता मांजरवाले डॉक्टर म्हणतात असं सिस्टरांकडून कळलं. माणसाचं नाव एका विषयाशी जोडलं जाणं ही पहिली पायरी. टकल्याचं अजून कशाशीच जोडलेलं नाही. बाकावर बसलेली दोन मुलं मला बघून म्याऊ म्हणाली. मुलांशी माझं नातं सहज जुळतं.

सोमवार, १८ मार्च

पायाला घोट्यापाशी बारीक लाल पुरळ. रात्रंदिवस खाज. त्वचेच्या डॉक्टरांना कॅन्टीनमध्ये गाठून दाखवलं. ते म्हणाले, पिसवा चावल्यासारखं दिसतंय, घरात काही प्राणी आहे का? हसू आलं. माणूस चांगला आहे, पण वाचन नाही. मोज्यांची ॲलर्जी आहे. मोजे बदलले.

घरातल्या किरकोळ नोंदी. नाना हल्ली झोपताना दूध मागतात, तेही वाटीत. या वयात साखर वाढेल, लक्ष ठेवायला हवं. ठकू आणि ते रोज संध्याकाळी गच्चीवर जातात. गुलाब लावलेत म्हणे. आजोबा-नातीला छंद लागला हे छानच. दोघांच्या हातावर ओरखडेच ओरखडे. गुलाब म्हटला की काटे आलेच. मी एकदा बघायला येतो म्हटलं, तर दोघं एकदम म्हणाले, तुझा गुडघा! खरंच, गुडघ्याला तीन जिने नकोच. माया आहे पोरीला.

शुक्रवार, २२ मार्च

ठकूला ताप. व्हायरल. ही म्हणाली, नीट बघ. मी म्हटलं, रोज पन्नास बघतो.

गुरुवार, २८ मार्च

ठकूचा ताप पुन्हा. ही म्हणते, पुन्हा कसला, गेलाच कधी होता? हिला समजावलं की पहिला व्हायरल संपला, हा दुसरा. ही म्हणाली, मधे किती वेळ गेला? मी म्हटलं, दोन व्हायरलच्या मधे वेळ जायलाच हवा असं काही नाही.

ही शाळेत शिकवते. शिकवणाऱ्यांना प्रश्न विचारायची सवय असते, उत्तर ऐकून घ्यायची नसते.

ठकूला तपासायला गेलो तर काखेजवळ हात नेताच गुदगुल्या होतात म्हणून पलंगावर लोळायला लागली. हसतेय म्हणजे ठीकच आहे. सोडून दिलं.

शनिवार, ३० मार्च

आजवर पाठवलेल्या रक्ताचे सगळे रिपोर्ट आले. सगळे निगेटिव्ह. लॅबवाल्याने फोन करून विचारलं, सर, ही काही नवी साथ आहे का? मी म्हटलं, अजून नाही.

एक बाई खरंच मांजर घेऊन आल्या. टोपलीत. दोन दिवस खात नाही म्हणाल्या. मी सांगितलं, मी मुलांचा डॉक्टर. त्या म्हणाल्या, हे मुलासारखंच आहे. मागे रांग तटलेली. शेवटी तपासलं. सिस्टरांनी त्याच्याही पेपरवर शिक्का मारला. मी ‘हो’वर टिक केली. महिन्याभरातली पहिली पक्की नोंद.

घरी आल्यावर नाना खोलीत आले, दार लोटलं, आणि म्हणाले, अरे, मला तुला एक सांगायचंय, पण आधी रागावणार नाहीस असं कबूल कर. मी ओळखलं. म्हटलं, नाना, सगळं माहीत आहे मला. चेहरा पांढरा पडला त्यांचा. म्हणाले, माहीत आहे? मी म्हटलं, वाटी रोज रिकामी असते, दिसत नाही का मला? उद्यापासून दूध बंद. नानांनी दार उघडलं. काखेत कळसा असं काहीतरी पुटपुटत निघून गेले. साखर चढली की माणूस असंबद्ध बोलतो.

बुधवार, ३ एप्रिल

तिसरा व्हायरल. ठकूचं पोट दुखतं म्हणते. परीक्षा जवळ आली की दुखतंच. मीही लहानपणी दुखवायचो.

फ्रॉक सैल झालेत. उंची वाढत असणार.

हिने जेवताना ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाली, तू तिला बघत नाहीयेस, तू घरी डॉक्टर नसतोस आणि बापही नसतोस, मधलंच काहीतरी असतोस. उद्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवते. मी म्हटलं, दुसरं कोण आहे या गावात? ही ताट उचलून आत गेली. मी जिंकलो असं मला वाटलं. पण जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

ओपीडीत केस पेपरांचा गठ्ठा आला. पंधरावा पेपर ठकूचा. मला वाटलं नावात साम्य असेल. दार उघडून पाहिलं तर ही रांगेत बसलेली, ठकू तिच्या मांडीवर. नऊ वर्षांची पोर, पाय खाली लोंबत होते. शेजारी नाना. रीतसर रांग लावून आले होते तिघं. सिस्टर माझ्याकडे बघत नव्हत्या.

ठकूला असिस्टंटकडे बसवलं. घरच्यांना आपण तपासू नये असा संकेत आहे. मी फक्त मदतीला उभा राहिलो. असिस्टंटने विचारलं, ठकू, ताप कधीपासून? मी सांगितलं, तीन वेगवेगळे ताप आहेत. तिने विचारलं, पोट कुठे दुखतं? मी सांगितलं, परीक्षेच्या बाजूला. असिस्टंट हसली नाही. मग शिक्का आला. ठकू आणि नाना एकमेकांकडे बघायला लागले. ठकूने तोंड उघडलं होतं बहुतेक. पण वेळ कशाला घालवा, मी असिस्टंटच्या हातातून पेन घेतलं, ‘नाही’वर टिक केली आणि खाली सही ठोकली.

असिस्टंटने ॲडमिट करायचं ठरवलं. मी म्हटलं, व्हायरलला? ती म्हणाली, सर, दोन आठवड्यांच्या व्हायरलला.

शनिवार, ६ एप्रिल

वॉर्डात ठकू कोपऱ्यातल्या कॉटवर. खिडकीतून पार्किंग दिसतं. सकाळी सोनोग्राफी. सोनोग्राफीवाला बडबड्या आहे, तपासताना क्रिकेटवर बोलतो. आजही बोलत होता. यकृतावर प्रोब आला आणि त्याचं बोलणं थांबलं. मग प्लीहेवर नेला. तिथेही थांबला. पुन्हा यकृतावर गेला.

वीस वर्षांत मी ते थांबणं कितीदा पाहिलंय. पण टेबलाच्या या बाजूने पहिल्यांदाच.

यकृतात आणि प्लीहेत बारीक बारीक काळे ठिपके. त्याने रिपोर्टात चार-पाच शक्यता लिहिल्या. त्यातल्या दोन वाचल्यावर पुढचं मी वाचलं नाही. कागद घडी करून खिशात ठेवला. हिला सांगितलं, काही विशेष नाही. ही म्हणाली, खोटं बोलू नकोस, तुझे कान लाल झालेत.

मी घाबरलेलो नाही. फक्त लक्ष लागत नाही. पेन तीनदा पडलं.

रविवार, ७ एप्रिल

घाबरलोय. लिहून टाकतो, इथे कोण बघतंय. फार घाबरलोय. ठकू झोपेत कण्हली तरी उठून नाडी मोजतो. तिचा हात केवढासा आहे. त्यावर ते गुलाबाचे ओरखडे, एक पुसट झालेला, मनगटापासून वर गेलेला. तो बघत बसलो. मला काही सुचत नव्हतं.

सोमवार, ८ एप्रिल

असिस्टंट राउंडला आली. खुर्ची ओढली, ठकूसमोर बसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का? मला वाटलं फोन आलाय. म्हटलं, का? ती म्हणाली, मूल बोलण्याजोगं आहे.

माझाच नियम. बाहेर गेलो. दार पुढे केलं तिने. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मुलांचे बाप बसलेले असतात, त्यांच्यात बसलो. एकाने सरकून जागा दिली आणि विचारलं, तुम्हालाही काढलं? म्हटलं, हो.

बराच वेळ गेला. आतून ठकूच्या रडण्याचा आवाज आला, मग बोलण्याचा, मग चक्क हसण्याचा. (काखेत हात घातला असणार. हसू दिलं तिने, आणि हात काढला नाही.) मग नानांना आत बोलावलं. मला नाही.

असिस्टंट बाहेर आली ती माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, सर, उजव्या काखेत गाठ आहे. आणि घरात मांजर आहे.

मी म्हटलं, कुणाच्या?

सोमवार, ८ एप्रिल, संध्याकाळी

गच्चीवर गेलो. तीन जिने, गुडघ्यासकट. गुलाब नाहीत. कुंड्या आहेत. कुंड्यांत वाळू आहे. वाळूत काय आहे ते लिहीत नाही.

पाण्याच्या टाकीमागे खोकं. त्यात माझा हरवलेला स्वेटर. स्वेटरवर पांढरं पिल्लू, कपाळावर काळा ठिपका. नाव ठिपकाच. फेब्रुवारीपासून इथे आहे. संध्याकाळी खाली आणायचे म्हणे, मी आणि ही यायच्या आत. दिवाणखान्यात. माझ्या खुर्चीत. घोट्याला खाज सुटली.

नाना मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, मी सांगायला आलो होतो तुझ्याकडे. तू दूध बंद केलंस. मग म्हणाले, तुलाच तर विचारलं होतं मी, नुसता ताप येतो का. आपल्या कामाचा नाही म्हणालास, मी निश्चिंत झालो.

मला खूप बोलायचं होतं. वाकून स्वेटरची बाही खोक्यात सारली. पिल्लाने माझ्या बुटाचा वास घेतला आणि शिंकलं.

हिलाही मांजराचा पत्ता नव्हता. तेवढाच आधार वाटला. तो हिच्याजवळ बोलून दाखवला. ही म्हणाली, हो, पण मी गावभर शिक्के मारत फिरत नव्हते.

शुक्रवार, १२ एप्रिल

रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. लॅबवाल्याने आनंदाने फोन केला, सर, अखेर केस मिळाली! मी फोन ठेवला आणि औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून रडलो. सिस्टरांनी बाहेरून विचारलं, सर, काही हवंय का? म्हटलं, कापूस.

बाकीच्या शक्यता गेल्या. त्या दोन गेल्या. औषधं सुरू झालीच आहेत. असिस्टंटने ती रिपोर्टची वाट न बघता सोमवारीच सुरू केली होती. मीही तेच केलं असतं.

ठकूला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तू म्हणालास मांजर आजारी पाडतं. मी आजारी पडले. मग तू त्याला टाकून दिलं असतंस. हे नीट क्रमाने सांगितलं तिने. एकही मुद्दा सुटला नाही.

मंगळवार, १६ एप्रिल

ताप उतरला. पोरीने दोनदा जेवण मागितलं. वॉर्डात मी सगळ्यांना सांगत सुटलो.

आता शांत डोक्याने विचार करता लक्षात येतं: एवढी सुंदर केस गावात दुसरी नाही. लांबलेला ताप, यकृत-प्लीहेत ठिपके, गाठ लपलेली. अनोळखी रूप म्हणतात ते हेच. आणि मुदत तीस एप्रिल! माणूस खचला नाही तर दैव कसं हात देतं बघा. तापाचा फोटो येत नाही, पण सोनोग्राफीचा येतो. शीर्षकही सुचलं. घरी येऊन लगेच लिहायला बसलो.

बुधवार, १७ एप्रिल

असिस्टंटला लेखाबद्दल सांगितलं. तिचं नाव दुसऱ्या क्रमांकावर घालू असंही म्हटलं, मन मोठं करून. ती म्हणाली, सर, ॲबस्ट्रॅक्ट मी शनिवारीच पाठवलं. मॅडमना विचारून. (मॅडम म्हणजे ही.) आणि तुमचं नाव घालता येत नाही, तुम्ही नातेवाईक आहात. पण तुमची सही लागेल. पालकांची संमती.

संमतीचा कागद पुढे केला. तिने बोट ठेवलं तिथे सही केली. पेन तिचंच होतं.

एका दृष्टीने बरंच झालं. विद्यार्थ्याने गुरूच्या पुढे जावं. शिक्का माझाच आहे.

रविवार, १६ जून

अधिवेशन. मोठा हॉल. चौथ्या रांगेत मी, एका बाजूला ठकू, दुसऱ्या बाजूला टकल्या. मुलीला आणू नये म्हणत होतो, पण ती म्हणाली केस माझी आहे.

असिस्टंट छान बोलली. दुसरी स्लाइड केस पेपरची. नावं झाकलेली. शिक्का मोठा करून दाखवलेला, ‘नाही’वर माझी टिक, खाली माझी सही. सही झाकायची राहिली होती. वीस वर्षं सगळ्यांनी ती सही अधिवेशनाच्या हजेरीवहीत पाहिलीय. आणि सगळ्यात वर ती ओळ, सुवाच्य अक्षरात भरलेली. माहिती देणारा: वडील, स्वतः डॉक्टर. भरवसा: नाही.

हॉल हसला. खूप वेळ हसला. टकल्या तर खुर्चीवरून घसरला. मी धरला त्याला.

हशा हे श्रोते जागे असल्याचं लक्षण आहे. प्रश्नोत्तरांत एकाने विचारलं, मग निदान नक्की कशाने झालं? असिस्टंट म्हणाली, सरांनी शिकवलं होतं, आईबापांना बाहेर काढा. टाळ्या पडल्या. माझ्या दिशेने पडल्या असं मला तरी वाटलं. ठकू माझ्या कानात म्हणाली, बाबा, तुझे कान लाल झालेत.

जेवणाच्या रांगेत सगळ्यांनी ओळखलं.

सोमवार, २४ जून

अंग कसकसतंय. व्हायरल. दवाखान्यात गेलो नाही.

ठिपका आता रीतसर घरात असतो. पिसवांचं औषध झालं, नखं कापली. (कापताना माझ्या हातावर जरासं लागलं. गुलाबाइतकंही नाही.) माझ्या खुर्चीत बसतो. मी वेताच्या मोड्यावर बसतो.

बुधवार, २६ जून

कसकस आहेच. हा दुसरा व्हायरल असावा.

संध्याकाळी ठकू खोलीत आली. गळ्यात माझा स्टेथोस्कोप, हातात केस पेपर आणि शिक्का. मागे नाना आणि ही, नातेवाइकांसारखे. ठकूने शिक्का मारला आणि विचारलं, घरात मांजर? मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, आहे. ही म्हणाली, ताप परवापासून आहे, आणि मोजू देत नाही. ठकूने दोघांकडे वळून सांगितलं, नातेवाइकांनी बाहेर थांबावं. थांबले बिचारे. दार पुढे केलं तिने.

मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. ठिपक्याला उचलून खाली ठेवलं आधी. म्हणाली, कुठे दुखतंय, सगळं सांग, घाई नाही. आणि खरंच गप्प बसली. मी काखेतल्या गाठीचं सांगितलं. हॉलमधल्या हशाचं सांगितलं. तू कॉटवर झोपली होतीस तेव्हा मला श्वास घेता येत नव्हता, तेही सांगितलं. ती मधे एकदाही बोलली नाही. कुणी असं शेवटपर्यंत ऐकून घेतलं की माणसाला काय वाटतं, ते मला माहीतच नव्हतं. रडू आलं. तिने कापूस दिला.

मग पेपरवर वरची ओळ भरायला घेतली. माहिती देणारा: बाबा. पुढे पेन थांबलं. मी म्हटलं, चांगला लिही.

ती म्हणाली, बघू.